आषाढातली कुरडई

पाककृतींचं पुस्तक पंचांगासारखं वापरायचं असतं. लागेल ते पान उघडावं, काम झालं की मिटून फडताळात ठेवावं. पहिल्या पानापासून ते कुणी करत सुटत नाही. आमच्या ह्यांना हे मान्य नाही. उभी नोकरी हिशेबात काढलेला माणूस, निवृत्त झाला आणि नेमकं त्याच सुमारास सासूबाईंच्या ट्रंकेत पुठ्ठा गेलेलं, हळदीनं पिवळं झालेलं एक पुस्तक सापडलं. त्यात बेंगळूरच्या लेकीनं फोनवरून तेल ओतलं. म्हणे 2002 साली न्यूयॉर्कमध्ये ज्युली पॉवेल नावाच्या बाईनं ज्युलिया चाइल्डच्या फ्रेंच स्वयंपाकाच्या पुस्तकातले 524 पदार्थ वर्षभरात करायला घेतले, तेही नोकरी सांभाळून. ह्यांनी तिथल्या तिथं पेपरच्या कडेला भागाकार केला.

"दिवसाला दीड पदार्थसुद्धा पडत नाही गे! आणि मला तर नोकरीपण नाही."

"उरलेला अर्धा कुणी खायचा?" सासूबाईंनी आतून विचारलं.

नियम दोनच. क्रम मोडायचा नाही आणि एकदा झालेला पदार्थ पुन्हा करायचा नाही. ऐकायला किती साधं! पण पुस्तक लिहिणारी बाई प्रकरणवार लिहिते आणि माणूस ताटवार जेवतो, ह्यातली गोम आम्हांला चटण्या-कोशिंबिरींच्या प्रकरणात कळली. तोंडी लावायला रोज नवं काहीतरी, पण ते लावायचं कशाला? भाकरी पुढं, 'पोळ्या-भाकरी' ह्या प्रकरणात होती. ती येईपर्यंत मी दुसऱ्या शेगडीवर चोरून भात लावायची आणि हे तो "पुस्तकाबाहेरचा" म्हणून निमूट वाढून घ्यायचे.

पुस्तकात 'मीठ चवीपुरते' असं दिसलं की ह्यांचा हात थांबे. समासात पेन्सिलीनं शेरा पडे: 'प्रमाण स्पष्ट करावे.' 'गूळ अंदाजे' ह्याच्यापुढं नुसतंच प्रश्नचिन्ह, पण दोनदा अधोरेखित. जिथं आकडा दिलेला असे तिथं मात्र भलताच विश्वास. एका चटणीला 'सुक्या मिरच्या 10' एवढंच लिहिलं होतं. बाई पुण्याकडची असावी. आमच्याकडं मिरची म्हटलं की ब्याडगी का संकेश्वरी, हे दुकानदार आधी विचारतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. घरात संकेश्वरी होत्या. दहा म्हणजे दहा, मोजून पडल्या. त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोललं नाही. भांडण नव्हतं, जीभच हलत नव्हती.

हेही निभलं असतं. पण वाळवणाचं प्रकरण आलं ते ऐन आषाढात. बेळगावचा आषाढ ज्यानं पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. टिळकवाडीत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, दोरीवरचा टॉवेल वाळण्याऐवजी वास मारायला लागतो. सीमाभागातली आम्ही माणसं, आमचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तारीख पुढं जाण्याची आम्हांला सवय आहे. म्हटलं, "अहो, कुरडया उन्हाळ्यात घेऊ, पुढची तारीख द्या." पण हा माणूस एकही तारीख पुढं ढकलेना.

गहू तीन दिवस भिजले. रोज पाणी बदलायचं काम अर्थात माझ्याकडं आलं, कारण पुस्तकात 'पाणी बदलावे' असं होतं, कुणी ते नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या आंबलेल्या गव्हाचा वास जिन्यापर्यंत गेला. मग ते वाटले, गाळले, चीक तळाशी बसू दिला, वरचं पाणी ओतलं. पातेल्यात चीक शिजवताना घोटायला दोन माणसं लागतात. एकानं पातेलं धरायचं, दुसऱ्यानं हात मोडून घ्यायचा. हे पुस्तक धरून उभे होते. चीक काचेसारखा झाला, सोऱ्यातून कुरडया पडल्या, सुरेख पडल्या, आणि मग सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. धो-धो.

शेवटी कुरडया आमच्या पलंगावर, प्लास्टिकच्या कागदावर, पाचच्या स्पीडच्या पंख्याखाली वाळल्या आणि आम्ही सोप्यात सतरंजीवर. शेजारच्या वहिनी डोकावून म्हणाल्या, "काय वो, पावसात कुरड्या घातलासा? बाळंतीण झोपवल्यागत झोपवलासा की!" काही कुरडयांना हिरवी लव आली. ह्यांनी समासात लिहिलं: 'हवामानाचा उल्लेख नाही.'

श्रावण-भाद्रपदात पक्वान्नं लागली. ह्यावर तक्रार करू नये, पण सकाळी बासुंदी, संध्याकाळी घीवर, उद्या आणखी नवं गोड असं सुरू झालं की माणूस ठेच्यासाठी रडतो. नशीब, त्या पुस्तकात आमच्या गावचं काहीच नव्हतं, ना कुंदा, ना मांडे. मांड्याचं पीठ हातांवर कोपरापर्यंत पसरवत न्यायचं आणि अल्लाद तापल्या उलट्या खापरावर टाकायचं. ह्यांनी ते मनातच खाल्लेलं बरं. धाकटा शर्टाची बटणं सैल करवून आला. ह्यांनी साखर तपासली, स्वतःच्या रक्तातली, आणि रिपोर्ट पुस्तकात खुणेला ठेवला.

आणि पान उलटलं तर प्रकरण निघालं 'आजाऱ्यांसाठी'. मुगाचं कढण, तांदळाची पेज, साबुदाण्याची लापशी. इतकी शहाणी बाई मी दुसरी पाहिली नाही. पहिल्यांदाच सगळे हाक मारायच्या आत पाटावर. धाकट्यानं पेज तीनदा घेतली आणि उद्याही हीच करा म्हणाला. ह्यांनी चष्मा वर केला.

"एकदा झालेला पदार्थ पुन्हा नाही."

सासूबाई गेली कित्येक वर्षं रात्री पेजच घेतात. त्यांनी आपली वाटी पदराआड सरकवली आणि म्हणाल्या, "माझ्यातली मिळायची नाही, आत्ताच सांगून ठेवते."