तीन तिगाडा

"काय, गाडी धुताय वाटतं?" शेजारच्या काकांनी जिन्यातून विचारलं. बॉनेट उघडं, मी आत वाकलेलो आणि कार्ब्युरेटरमधून इंजिनावर धार लागलेली. ते पाणी नव्हतं, शंभर रुपयांच्या वरचं पेट्रोल होतं. आणि काकांच्या बोटांत पेटलेली सिगारेट. मी असा काही ओरडलो की काका त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत.

गाडी म्हणजे वडिलांची प्रीमियर पद्मिनी. कागदोपत्री पद्मिनी, घरात मात्र 'फियाट'च. १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला. इंजिनाला चिकटून पेट्रोलचा एक छोटा पंप असतो. इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, त्याला धक्के देतो, आतला रबरी पडदा वरखाली होतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल पुढे कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे ते हवेत मिसळणाऱ्या भांड्यात, येतं. मिस्त्री लोक त्याला 'एसी पंप' म्हणतात. गाडीत एसी नाही, पण एसी पंप आहे, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून मात्र जुनं रबर टिकेना. पडदा दुसऱ्यांदा फाटला तेव्हा मी ठरवलं, आता इलेक्ट्रिक पंप.

मिस्त्रींना फोन केला. "कितीचा घेऊ?"

"तीनचा बघा साहेब. वर नको."

जुन्या बाजारात पंप मिळाला. विकणाऱ्याने सांगितलं, "तीनचा आहे." मी घासाघीस करून शंभर रुपये सोडवून घेतले आणि त्या आनंदात तीन काय, हे विचारायचं राहिलं.

रविवारी सकाळी पंप बसवला, चावी फिरवली आणि काका जिन्यात आले.

मिस्त्रींनी पंप हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "साहेब, हा इंजेक्शनच्या गाडीचा. हे तीन बार आहेत. मी पीएसआय म्हणत होतो."

"तुम्ही नुसतं तीन म्हणालात!"

"कार्ब्युरेटरला बार कोण देतं?"

बार आणि पीएसआय, दोन्ही दाब मोजायची मापं; एका बारात साडेचौदा पीएसआय. म्हणजे तीन मागणाऱ्या गाडीला मी साडेत्रेचाळीस पाजत होतो. बार आणि पीएसआय यांची गल्लत झाली की काय होतं, ते कुठलाही बारमालक सांगेल.

कार्ब्युरेटरच्या वाटीत फ्लशच्या टाकीत असतो तसा एक फ्लोट असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि एक बारीकशी सुई भोकात दाबून पेट्रोल थांबवतो. तीन पीएसआयला ही सुई पुरते. साडेत्रेचाळीसपुढे तिची अवस्था सकाळी कुर्ल्याला लोकलच्या दारात करंगळी आडवी धरून गर्दी थोपवणाऱ्या माणसासारखी. (गाडी मुळात कुर्ल्याच्याच कारखान्यातली. तिला सवय असायला हवी होती.) प्लग भिजले, सायलेन्सरने काळा धूर ओकला आणि वाळत घातलेल्या चादरींबद्दल तिसऱ्या मजल्यावरून जे ऐकावं लागलं ते इथे लिहिता येणार नाही.

मग दाब आवरणारा रेग्युलेटर आणला, सोबत प्रेशर दाखवणारा काटा. चालत्या गाडीत काटा तीनवर, सिग्नलला थांबलं की पाचवर. मिस्त्री म्हणाले, जास्तीचं पेट्रोल टाकीत परत न्यायला वेगळी नळी टाकावी लागेल. माझ्या खिशाचं प्रेशर तोवर शून्यावर आलं होतं. शेवटी जुन्याच एसी पंपाला नवा पडदा बसला. प्रेशरचा काटा मात्र मी हट्टाने ठेवून घेतला.

मे महिन्यात साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या चढाला गाडीने दोन आचके दिले आणि गप्प. बॉनेट उघडलं. काटा शून्यावर. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने पेट्रोल नळीतच उकळलं होतं आणि पंप बिचारा नुसती वाफ ओढत होता. यावर घाटातला उपाय एकच. बायकोने न बोलता डिकीतून पंचा काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि पंपाला गुंडाळला. कपाळाला मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवावी तसा.

वीस मिनिटं गेली. मी पंपाखालची, हाताने पेट्रोल ओढायची छोटी दांडी बोटाने मारू लागलो. काटा हलला. एक. दीड. दोन.

"तीन!" मी ओरडलो. "तीन आले!"

बायकोने घाम पुसत विचारलं, "बार की पीएसआय?"