स्क्रीन हिरवी, बिल चुकीचं

आमच्या पात्रांवांना, म्हणजे साहेबांना, कोडमधलं काही कळत नाही, पण रंग कळतात. कोड नीट चालतो का हे तपासणारा छोटा प्रोग्राम म्हणजे टेस्ट. ती पास झाली की हिरवा, नापास झाली की लाल. गोव्यात पर्वरीला आमच्या ऑफिसात हॉटेल बुकिंगचं सॉफ्टवेअर बनतं, आणि ते कसं बनतंय हे समजायला त्यांना हे दोन रंग पुरतात. कुठल्याशा सेमिनारला जाऊन ते ‘कव्हरेज’ घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी फर्मान सुटलं: शंभर टक्के पाहिजे.

टेस्ट चालताना कोडच्या किती ओळींवरून एकदा तरी पाय पडला, एवढंच कव्हरेज सांगतं. उत्तर बरोबर आलं का, हे ते विचारतच नाही. टीममधल्या एका हुशार पोराने हे नेमकं हेरलं. त्याने बिलाचं प्रत्येक फंक्शन चालवलं आणि निकाल तपासायच्या भानगडीतच पडला नाही. असर्टची, म्हणजे निकाल ताडून बघणारी, एक ओळ नाही. कव्हरेज शंभर, पात्रांव खूश, संध्याकाळी सगळ्यांना समोसे.

बिल चुकीचंच होतं. खोलीचं भाडं रोजी ७५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटीचा दर कमी, त्यावर गेलं की १८ टक्के. मग बरोब्बर ७५०० असेल तर? नियमाने कमी दर. पण कोणीतरी ‘पेक्षा कमी किंवा तितकंच’ याऐवजी नुसतं ‘पेक्षा कमी’ लिहून ठेवलेलं. ५००० आणि १०००० टाकून जन्मभर टेस्ट लिहा, सगळ्या हिरव्या. ७४९९, ७५००, ७५०१ एवढे तीन आकडे टाकले की चोर सापडतो. पुढे २२ सप्टेंबर २०२५ ला खालचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि तो कोडमध्ये घालताच १२ धरून लिहिलेल्या टेस्ट एकजात लाल झाल्या. पात्रांवांनी देव पाण्यात घातले. खरं तर त्या टेस्टनी त्या दिवशी पगार वसूल करून दिला होता.

एक टेस्ट मात्र दिवसा पास आणि मध्यरात्रीनंतर नापास. रात्री जागणाऱ्यांनाच दिसायची, त्यामुळे जागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवायची सूचनाही गांभीर्याने पुढे आली. कारण साधं होतं. सर्व्हर युटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. बारा वाजून गेले की आपल्याकडे नवी तारीख आणि पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हर कालच्याच तारखेत. ‘आजचं चेक-इन’ तिथे उद्याचं ठरायचं. टेस्टने खऱ्या घड्याळाकडे बघायचंच नाही, आपण ठरवून दिलेली वेळ घ्यायची, हा त्यावरचा उतारा. पण तो होईपर्यंत सगळ्यांना सवय लागली होती: “ती तशीच आहे रे, परत चालव.” मग खरोखरची लाल टेस्टही लोक परत चालवू लागले. माझ्या मते कमी टेस्ट चालतील, पण अशी एकसुद्धा नको.

वेगाचं तर विचारूच नका. केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून जेयुनिट या टेस्ट लिहायच्या साधनाची सुरुवात केली म्हणतात. आमच्या सगळ्या टेस्ट मात्र पर्वरीहून निघून, रहदारीत अडकून, मांडवी ओलांडून पणजीत पोचलो तरी संपत नसत. म्हणून कोणी चालवतच नसे. आता नुसत्या हिशेबाच्या टेस्ट वेगळ्या केल्यात, त्या चहा गाळेपर्यंत होतात. ब्राउझर उघडणाऱ्या थोड्याच ठेवल्यात आणि त्या रात्री चालतात.

आणि नावं! गोव्यात सॉफ्टवेअर विकायचं आणि टेस्टमधल्या पाहुण्याचं नाव ‘एबीसी’ ठेवायचं, याला काय म्हणावं? इथले कितीतरी डिसोझा इंग्रजीत डी आणि एसच्या मध्ये वरती टिंबशेपूट देतात, आणि निष्काळजीपणे जोडलेल्या क्वेरीचं, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं, वाक्य तिथेच तुटतं.

परवा तर पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोन्साल्विसबाईंचं बुकिंग अडलं. त्यांच्या आडनावातल्या सीला खाली शेपटी. कोडला हात लावण्याआधी मी ते नाव जसंच्या तसं टाकून टेस्ट लिहिली. चालवली, तर लालभडक! गिऱ्हाइकाला आलेली तीच एरर, शब्दन् शब्द. बग सापडला म्हणून मी टेबलावर थाप मारली. आवाज ऐकून पात्रांव केबिनमधून आले. एकदा लाल स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्या खुललेल्या चेहऱ्याकडे, आणि खुर्ची ओढून हळू आवाजात विचारलं, “दुसरीकडे नोकरी मिळाली काय रे?”