आडात पाणी भरपूर, पोहराच लहान

धाकटा कट्ट्यावर टेकायच्या आधीच मोबाइल पुढे करून म्हणाला, "इंटरनेटचा ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन आठवडा झाला आणि टेस्टमध्ये बघा किती येतात. ९४! १०० होतं तेव्हाही एवढेच येत होते. मग जास्तीचे पैसे कशाचे घेतात?"

"कंपनीला फोन केलास?" ताईने विचारलं.

"केला. आमच्या बाजूने ३०० चालू आहेत म्हणतात. खोटं बोलतात सरळ."

दादा फायबर जोडण्याचं काम गेली कित्येक वर्षं करतोय. तो लगेच बोलत नाही, आधी विचारतो. "९४ म्हणजे दर वेळी ९४? कधी ७०, कधी १२० असं नाही?"

"नाही. पहाटे करा, रात्री करा, ९४च."

"मग ते खोटं बोलत नाहीत. लाइनवर गर्दी असती तर आकडा वरखाली झाला असता. दर वेळी ९४ येतो म्हणजे तुझ्या घरात कुठेतरी १००चं दार आहे आणि तुझे ३०० त्या दारातून आत येतायत."

मास्तरांना हे पटलं नाही. दार १००चं असेल तर १०० यायला हवेत, ९४ का? प्रश्न रास्त होता, आणि दादाने त्याचं उत्तर नीट दिलं. केबलवरून माहिती गठ्ठ्यागठ्ठ्याने जाते. एका पूर्ण गठ्ठ्यामागे तारेवर १५३८ बाइटांची जागा अडते, पण त्यात आपल्या कामाचे १४५०च्या आसपासच असतात. उरलेले पत्ता, तपासणी आणि दोन गठ्ठ्यांमधल्या मोकळ्या जागेत जातात. हिशोब केला की १००चे ९४ होतात. "म्हणून ९४ दिसला की मी दुसरं काही बघत नाही, आधी केबल बघतो."

धाकटा घरी गेला आणि भिंतीवरच्या ओएनटीपासून (फायबर घरात येऊन जिला जोडतात ती डबी) राउटरपर्यंतची केबल काढून घेऊन आला. चार वर्षांपूर्वी फायबर घेतलं तेव्हा लावलेली. दादाने तिचं टोक मोबाइलच्या टॉर्चखाली धरलं आणि आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. त्या पारदर्शक प्लगमध्ये आठ बारीक तारा ओळीने बसलेल्या दिसतात. सात तारा पार पुढे सोनेरी पट्ट्यांखाली पोचल्या होत्या. आठवी, तपकिरी, पट्टीच्या अलीकडेच थांबली होती. फरक तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नव्हता.

१००ला दोनच जोड्या लागतात, म्हणजे चार तारा. हजारला चारही जोड्या लागतात. एक तार टेकली नाही की दोन्ही बाजूंची यंत्रं आपसात ठरवून बहुतेक वेळा १००वर उतरतात आणि कुणालाही काही सांगत नाहीत. १००च्या प्लॅनमध्ये हा दोष चार वर्षं झाकलेला राहिला, कारण तेवढ्यापुरत्या तारा शाबूत होत्या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात पाणी भरपूर होतं, पोहराच लहान होता. (जुन्या राउटरचं पोर्टच, म्हणजे केबल खुपसायची खाचच, १००ची असते, तेव्हा नवी केबल लावूनही काही होत नाही, राउटर बदलावा लागतो. धाकट्याचं नशीब चांगलं, त्याचं पोर्ट हजारचं निघालं.)

दादाच्या पिशवीतली केबल लावून धाकट्याने घरून फोन केला. २९१. त्याचा आवाज ऐकून कट्ट्यावर सगळ्यांनाच बरं वाटलं.

खरा वाद त्यानंतर पेटला. मास्तर म्हणाले, "मग मीही ३०० घेतो. ऑनलाइन वर्ग चालू असताना आवाज तुटतो, मुलं सर सर करत बसतात."

मी त्यांना अडवलं. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, आणि मास्तरांकडे १०० आहेत. तुटतंय ते दुसऱ्याच कारणाने. माझ्याकडे हेच व्हायचं आणि मी त्यापायी वेग वाढवून बसलो, म्हणून कळकळीने सांगत होतो. घरातला एखादा मोबाइल फोटोंचा बॅकअप वर चढवायला लागला की अपलोडची वाट भरते, राउटर माहितीची पाकिटं, म्हणजे तेच गठ्ठे, रांगेत धरून ठेवतो आणि मास्तरांचा आवाज त्या रांगेच्या शेपटाला उभा राहतो. बफरब्लोट म्हणतात याला. तपासायला काही लागत नाही. पिंग, म्हणजे एक छोटं पाकीट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणं, चालू ठेवा आणि एक मोठी फाइल अपलोडला लावा. माझ्याकडे १२ मिलिसेकंदांचे सहाशेच्या वर गेले होते. वेगाची टेस्ट मात्र उत्तम येत होती, कारण ती टेस्ट घरात दुसरं काही चालू नसताना केलेली!

"अपलोड वाढवलं तर रांग लवकर संपेल की," धाकटा परत येऊन बसला होता.

दादाने मान डोलावली. "संपेल. अपलोड दुप्पट झालं तर तीच रांग निम्म्या वेळात संपेल. पण मास्तर, तुमच्या ३००च्या प्लॅनमध्ये अपलोड किती आहे ते बघितलंत का?"

मास्तरांनी मोबाइलवर बघितलं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ३००, आणि अपलोडचा आकडा शोधायला बरंच खाली जावं लागलं. तो होता त्यांच्या आत्ताच्या प्लॅनएवढाच.

सगळ्याच कंपन्या असं करतात असं नाही, कित्येक ठिकाणी दोन्ही बाजूंना सारखा वेग मिळतो. पण अपलोड कमी ठेवण्यामागे तांत्रिक कारणही आहे, ते दादाने सांगितलं. बहुतेक घरांत येणारं फायबर जीपॉन पद्धतीचं असतं. त्यात एक लाइन स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते, आणि त्या सगळ्यांना मिळून खाली यायला सुमारे २.५ गिगाबिट (गिगाबिट म्हणजे हजार एमबीपीएस), वर जायला त्याच्या निम्मे. वरची वाट मुळातच अरुंद, म्हणून ती हात राखून वाटतात. मास्तरांनी राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम, म्हणजे ही रांग आवरायची सोय, आहे का ते बघायचं आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवायची, असं ठरलं. मग रांग राउटरच्या हातात राहते आणि बारकी पाकिटं पुढे सोडता येतात. आतल्या खोलीतल्या वायफायचाही विषय निघाला, पण त्यावर वाद नव्हता. दोन भिंतींपलीकडे सिग्नल पोचत नसेल तर प्लॅन वाढवून तो पोचणार नाही.

ताई इतका वेळ गप्प होती. "तुमचं तारांचं झालं असेल तर माझं ऐका. मी पाच वर्षांची ग्राहक. एक महिना बिल चुकवलेलं नाही. नव्या माणसाला तोच ३००चा प्लॅन सवलतीत, राउटर फुकट. मला पूर्ण दर, वर अपग्रेडचा चार्ज. जुन्या माणसाने काय पाप केलंय?"

यावर कट्टा एकमुखाने तिच्या बाजूने होता. धाकटा म्हणाला, तोडून टाक आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावाने नवीन घे. दादाने ते उडवून लावलं. लाइन सोडली की स्प्लिटरवरचं पोर्ट दुसऱ्याला जाऊ शकतं, आणि भरलेल्या डब्यात जागा होईपर्यंत घर नेटशिवाय. "आणि तो चार्ज कशाचा ते विचार. १००चे ३०० करायला कुणी तुझ्या घरी येत नाही. एक्स्चेंजमध्ये तुझ्या नावापुढची सेटिंग बदलतात, झालं."

"गिगाबिटच्या वर गेलं तर?" धाकट्याने विचारलं.

"तर ओएनटी बदलेल. काच तीच. जीपॉन १४९० नॅनोमीटरवर खाली येतं, दहा गिगाबिटवालं एक्सजीएस-पॉन १५७७वर. दोन्ही एकाच तंतूतून एकमेकांना धक्का न लावता जातात. तेव्हा बॉक्सचे पैसे मागितले तर समजू शकतो. खोदकामाचे मागितले तर नाही."

मी ताईला माझी चूक सांगितली, कारण ती तिच्याकडून होऊ नये असं मनापासून वाटत होतं. माझ्या करारातले दोनच महिने उरले होते. ॲपमध्ये 'अपग्रेड' दिसलं, दाबलं, वेग तासाभरात वाढला. बिल आलं तेव्हा कळलं की त्या एका दाबण्याने करार पुन्हा पहिल्यापासून सुरू झालाय, २४ महिन्यांचा. सवलत सहा महिन्यांची, बंधन दोन वर्षांचं. कंपनीचं म्हणणं, अटींमध्ये लिहिलं होतं. लिहिलं होतंच, पण बटणाच्या शेजारी ते एक वाक्य ठेवायला काय हरकत होती? पाच-पाच वर्षं टिकलेल्या माणसाला असं गुंतवून ठेवणं मला आजही चीड आणतं.

म्हणून ताईने ॲप उघडायचं नाही, आधी लेखी विचारायचं. अपग्रेड केल्यावर करार कधी संपेल, सवलत संपल्यावर दर काय, अपलोड किती, नको वाटलं तर खालच्या प्लॅनवर परत येता येईल का. आणि नव्या ग्राहकाचा दर मिळत नसेल तर सोडण्याबद्दल ज्या विभागाशी बोलतात तिकडे जोडून द्या म्हणायचं. सवलत द्यायचे अधिकार बऱ्याचदा तिथल्याच लोकांकडे असतात. तिने तिथेच बसून मेसेज लिहिला. मास्तरांनी दोन वाक्यं सुधारली.

चौथ्या दिवशी तिने उत्तर वाचून दाखवलं. चार्ज माफ, नव्या ग्राहकाचाच दर, कराराची तारीख जुनीच. राउटर मात्र नाही. तिने होकार कळवला. मास्तर १००वरच आहेत आणि वर्ग सुरळीत चालू आहेत. माझे १४ महिने उरलेत. करार संपायच्या एक महिना आधीची तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, आणि ताईचा मेसेज जपून ठेवला आहे.