वेडा म्हणण्याआधी गावातला तो सायकलवाला आठवा, भाऊ

भाऊ, नमस्कार. गिनीज बुकातल्या रेकॉर्डपायी ओळखले जाणारे दिल्लीचे हर प्रकाश ऋषी, म्हणजेच गिनीज ऋषी, यांच्यावरच्या माझ्या पोस्टवर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. तुम्ही म्हणता की तोंडात स्ट्रॉ कोंबायसाठी दात काढून घेणारा माणूस हा कौतुकाचा विषयच नाही, इकडे कास्तकार जीव देऊन राहिले आणि मी असल्या रिकामटेकड्या लोकांवर लिहिते, आणि गावातल्या पोट्ट्यांनी यातून काय शिकायचं. प्रश्न रागात विचारले तरी खरे आहेत, म्हणून उत्तर जरा मोठं देते.

दातांचं आधी सांगून टाकते. ते मलाही पटत नाही आणि पोस्टमध्ये मी त्याची तारीफ केलेली नाही. 496 स्ट्रॉ तोंडात मावाव्या म्हणून सगळे दात काढणं, अंगभर देशोदेशीचे झेंडे गोंदून घेणं, नावच बदलून गिनीज ऋषी करून घेणं, हा त्यांचा छंद त्यांच्यापाशी. पण माझी पोस्ट होती त्यांच्या 1990 सालच्या अखंड स्कूटर चालवण्याच्या रेकॉर्डवर, आणि तो भाग तुम्ही "गोल गोल फिरण्यात काय मोठं" म्हणून एका ओळीत उडवून लावला.

पुण्याच्या ट्रॅफिक पार्कमध्ये 22 एप्रिल ते 3 जून, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, हे ऋषी आणि त्यांचे दोन साथीदार यांनी एक कायनेटिक होंडा 1001 तास चालती ठेवली. 30,965 किलोमीटर झाले. भागाकार करून पहा, तासाला जवळपास 31 किलोमीटर पडतात, तेही मोकळ्या हायवेवर नाही तर बागेतल्या वळणावळणाच्या रस्त्यावर, दिवसा तसंच रात्री दोन-तीन वाजता पण. आपण यवतमाळहून नागपूरला टू-व्हीलरवर जाऊन आलो तरी दुसऱ्या दिवशी कंबर धरते, आणि इथे सहा आठवडे पाळीपाळीनं तीन माणसं त्या एका गाडीला जुंपलेली. याला रिकामटेकडेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि भाऊ, तुम्ही पण आपल्याच भागातले, तर अखंड सायकल चालवणारा तुम्ही नक्की पाहिला असंल. आमच्या गावात तो उन्हाळ्यात यायचा. बाजाराच्या मैदानात चुन्यानं गोल आखायचे, मधात एक बल्ली, त्याच्यावर बल्ब आणि भोंगा, आणि हा माणूस सात-सात दिवस खाली पाय टेकवायचा नाही. चालत्या सायकलवर दाढी करे, अंगावर बादली ओतून घेऊन आंघोळ करे, कोणी बाजूनं पळत पळत कपबशी दिली तर बशीत ओतून चहा पिये आणि रिकामी कपबशी पुढच्या फेरीत परत देई. पाचव्या दिवसापर्यंत त्याचे पाय सुजून चप्पल चढत नसे, मग पायडलला चिंध्या गुंडाळायचे. रात्री झोप लागू नये म्हणून गावचे पोट्टे त्याच्या बाजूनं पळायचे, टाळ्या पिटायचे, तोंडावर पाणी मारायचे. आणि पाहायला कोण जमायचं? दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून आलेल्या बायाच जास्त, भाकर-झुणका पदराआड घेऊन आलेल्या. दहाची नोट त्याच्या शर्टाला पिन करताना त्यांच्या तोंडावर जे दिसायचं ते मला आजही कोणत्या मॅचच्या प्रेक्षकात दिसत नाही.

कारण त्या बायांना कळत होतं तो काय करून राहिला ते. धावायचं तर ट्रॅक लागते, बूट लागतात, कोच लागतो, जिल्ह्याच्या गावाला जायला एसटीचं भाडं लागते. कुस्तीला तरी खुराक लागतो. ज्याच्याजवळ यातलं काहीच नाही त्याच्याजवळ एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दुसऱ्यापेक्षा जास्त वेळ टिकणं, आणि ते त्यानं सगळ्या गावासमोर करून दाखवलं. शेगावहून गजानन महाराजांच्या पालखीसोबत महिनाभर पायी पंढरपूरला जाणाऱ्याला आपण वेडा म्हणत नाही, तिथं भक्ती आहे हे मान्य, पण शरीराला इतकं ताणता येते हे आपल्या माणसाला पोथीतून शिकावं लागलेलं नाही. एप्रिल 2017 मध्ये नागपुरात विष्णू मनोहर 50 तासांच्या वर सलग स्वयंपाक करत उभे होते तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. मग सायकलवाल्याच्याच वाट्याला "पागल" का?

कास्तकारांचं म्हणाल तर माझ्या घरी पण कपाशीच आहे, बोंडअळीचं 2017 चं वर्ष आम्ही पण काढलं. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडका कापूस, वेचायला मजूर लावणं पण परवडेना. तो विषय मी कधीच सोडला नाही. पण दुःख आहे म्हणून गावानं दुसरं काही पाहायचंच नाही, कोणाच्या जिद्दीवर टाळी वाजवायचीच नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

पोट्ट्यांचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे आणि तिथे मी तुमच्या बाजूनं बोलते. आमच्या सायकलवाल्याजवळ ना डॉक्टर होता ना आराम, चक्कर येऊन पडला असता तर खेळ खलास. आज कोणाला असं काही करायचं असंल तर नियम वाचूनच करा. गिनीजच्या सलग तासांच्या बहुतेक रेकॉर्डमध्ये पूर्ण झालेल्या प्रत्येक तासामागं 5 मिनिटं विश्रांती मिळते, ती साठवून एकदम घेता येते, साक्षीदार पाळीपाळीनं बसवावे लागतात, लॉगबुक आणि व्हिडिओ द्यावा लागतो. नुसतं जागं राहण्याचा रेकॉर्ड त्यांनी 1997 पासून घेणंच बंद केलं, जिवाला धोका म्हणून. भरमसाट खाण्याचे जुने रेकॉर्डही बंद झाले. आणि रेकॉर्ड झाला तरी गिनीजवाले पैसे देत नाहीत, सर्टिफिकेट मिळते, तर कोणी "रेकॉर्ड करून देतो, इतके हजार भरा" म्हणत गावात आला तर त्याला चहा पण पाजू नका.

एक काम सांगते, राग गेला असंल तर करा. तुमच्या घरी, नाहीतर गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत, अखंड सायकलवाल्याचा एखादा फोटो असंल तर पाठवा, हार-गुलालाचा असो की नुसत्या गर्दीचा. मी असे फोटो जमा करून राहिली आहे. पाठीमागं साल आणि गाव लिहिलेलं असंल तर तेही कळवा.