गादी जमिनीवर टाकून पाठ सुधारत नाही, गादी मात्र बिघडते

लहान घरांत राहणाऱ्यांसाठीचा एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचं सार असं: ‘घर लहान आणि दमट असेल तर पलंगाच्या फंदात पडू नका. मिळेल तेवढी कडक गादी घ्या, कणा सरळ राहतो. ती थेट जमिनीवर टाका, जमिनीइतका भक्कम आधार दुसरा नाही. गादी नैसर्गिक साहित्याची असली की बुरशी लागत नाही. वरून प्लास्टिकचं कव्हर घातलं की ओलही शिरत नाही. आणि गादी जाड असेल तर खाली काय आहे याने काहीच फरक पडत नाही.’

हा सल्ला मी स्वतः पाळलेला आहे. खोली एकच होती आणि पलंगाने तिचा निम्मा भाग अडवला असता, म्हणून कडक गादी आणून फरशीवर टाकली. सात-आठ महिन्यांनी जागा बदलताना गादी उचलली तेव्हा खालच्या अस्तरावर काळपट हिरवे डाग पसरले होते. सगळीकडे नव्हे, नेमके खांद्यापासून कमरेपर्यंत, जिथे अंग टेकतं तिथेच. वरून गादी स्वच्छ होती. रोज सकाळी येणाऱ्या शिंका आणि चोंदलेलं नाक यांचा संबंध मी तोवर धुळीशी लावत होतो. लहान घरात दुसरी गादी घ्यायला पैसा नसतो आणि जुनी ठेवायला जागा नसते. त्यामुळे इथे चुकीच्या सल्ल्याची किंमत मोठी असते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कडक गादीने कणा सरळ राहतो’

निरोगी कणा बाजूने पाहिला तर सरळ नसतोच. मानेला एक बाक, पाठीला उलटा बाक, कमरेला पुन्हा आत जाणारा बाक. आधार द्यायचा म्हणजे हे बाक जसे आहेत तसे ठेवून त्यांच्याखालची जागा भरून काढायची. फळीसारख्या कडक गादीवर उताणं झोपलं की पाठ आणि नितंब टेकतात, कंबर अधांतरी राहते. कुशीवर झोपलं तर सगळा भार खांदा आणि कमरेच्या हाडावर येतो, हात बधिर होतो, आणि रात्रभर कूस बदलत राहावं लागतं.

यावर नुसतं मत मांडायची गरज नाही, कारण हा प्रश्न नीट तपासला गेला आहे. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००३ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. एका गटाला कडक गाद्या, दुसऱ्याला मध्यम कडक, आणि कोणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितलं नाही. कडकपणाच्या युरोपीय मोजपट्टीवर १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. त्यावर पहिली गादी २.३ आणि दुसरी ५.६ होती. ९० दिवसांनंतर मध्यम गादीवाल्यांची स्थिती अधिक चांगली निघाली: अंथरुणात पडल्यावरच्या दुखण्यात, उठतानाच्या दुखण्यात आणि रोजच्या हालचालींतल्या अडचणींतही.

या चाचणीचा उलटा अर्थही काढू नये. त्यात अगदी मऊ गाद्या तपासल्याच नव्हत्या, त्यामुळे ‘जितकी मऊ तितकी बरी’ असं ती सांगत नाही. फिरणाऱ्या सल्ल्यात खरेपणाचा अंश असलाच तर तो इथे आहे: ज्या गादीत कंबर रुतते ती पाठीला वाईटच. पण रुतणाऱ्या गादीवरचा उपाय दगडासारखी गादी हा नाही.

शिवाय कडकपणा एकट्या गादीचा गुण नाही, झोपणाऱ्याचं वजनही त्यात येतं. जी गादी ९० किलोच्या माणसाला मध्यम वाटेल तीच ५० किलोच्या बाईला फळी वाटेल, कारण तिच्या भाराने वरचा थर दबतच नाही. ‘ऑर्थोपेडिक’ किंवा ‘मीडियम फर्म’ या शिक्क्यांमागे सगळ्यांनी मानलेलं एकच माप नाही. एका कंपनीची मध्यम दुसऱ्या कंपनीची कडक असू शकते. म्हणून दुकानात हाताने दाबून पाहू नका. तुम्ही घरी ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडून राहा आणि सोबतच्या माणसाला मागून पाहायला सांगा: मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ जमिनीला समांतर आहे, की कमरेपाशी खाली झुकली आहे, की खांद्यापाशी वर उचलली गेली आहे? मग उताणं होऊन कमरेखाली हात घाला. हात सहज आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी फार कडक. हात घालताच येत नसेल आणि नितंब खोल गेले असतील तर फार मऊ. कडक गादी घेऊन बसलाच असाल तर ती फेकू नका. वर चार-पाच सेंटीमीटरचा लॅटेक्सचा (म्हणजे रबरी फोमचा) किंवा चांगल्या साध्या फोमचा थर टाकला तरी बराच फरक पडतो.

‘जमिनीइतका भक्कम आधार दुसरा नाही’

हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. जमीन भक्कम असते यात शंका नाही. पण न वाकणारी कोणतीही सपाट बैठक तेवढंच काम करते, आणि ती जमिनीपासून वीतभर वर असू शकते. ही वीतभर हवा काय करते ते समजून घेतलं पाहिजे.

झोपेत त्वचेतून आणि श्वासातून प्रत्येक माणूस काहीशे मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपात सोडतो. घामाने थबथबलेली रात्र नसली तरीही. त्यातला काही भाग अंथरुणात उतरतो आणि उबदार बाजूकडून थंड बाजूकडे, म्हणजे खाली सरकत जातो. गादी पट्ट्यांच्या पलंगावर असेल तर ही वाफ खालून निघून जाते. फरशीवर असेल तर तिला वाट नाही.

आता दमट खोलीचा हिशेब पाहा. हवा २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, आणि फरशी खोलीपेक्षा फक्त २ अंशांनी थंड असेल, तर फरशीलगतच्या त्याच हवेची आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. फरशी २४ अंशांपर्यंत उतरली तर तिथे दवच धरतं. बुरशीला मात्र दवापर्यंत थांबायची गरज नसते. पृष्ठभागापाशी ८० टक्क्यांच्या वरची आर्द्रता काही दिवस टिकली की तिला पुरतं. म्हणजे खोलीच्या हवेनेच बुरशीची सोय केलेली असते, आणि त्यात आपल्या अंगाची वाफ रोज भर घालते. माझ्या गादीवरचे डाग अंगाच्या आकाराचे का होते, हे मला त्यानंतर कळलं.

धुळीतले माइट्स हा याचाच दुसरा भाग. हे जीव जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचे असतात आणि पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगात शोषून जगतात. आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांखाली राहिली की ते सुकून मरतात, दमट अंथरुणात वाढतात. त्यांच्या विष्ठेतले कण दम्याच्या आणि ॲलर्जीच्या माणसाला त्रास देतात. जागतिक आरोग्य संघटनेने घरातली ओल आणि बुरशी यांवर २००९ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, तिचा भर ओल आणि बुरशी मुळात टिकूच न देण्यावर आहे. ज्या घरात दम्याचं मूल आहे तिथे ‘गादी थेट जमिनीवर टाका’ असं कोणी सांगू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणि पाठीचं काय? ओल आणि आधार हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं हा सल्ला गृहीत धरतो. ते तसे नाहीत. फोमच्या चाचण्यांत एक चाचणी अशी असते की फोम उष्ण आणि दमट हवेत काही तास दाबून ठेवायचा, मग सोडायचा आणि त्याची जाडी किती परत येते ते मोजायचं. ती चाचणी मुद्दाम वेगळी घेतात, कारण दमट उष्णतेत दबलेला फोम पुरता वर येत नाही. म्हणजे पाठ जपण्यासाठी जमिनीवर टाकलेली गादी तिथे लवकर बसते, आणि पाठीखाली खड्डा तयार होतो.

‘पण पिढ्यान्‌पिढ्या लोक जमिनीवरच झोपत आले,’ असं यावर हमखास ऐकू येतं. खरं आहे. पण ती अंथरुणं पातळ होती आणि सकाळी वळकटी करून उचलली जात. जमीन रोज दिवसभर मोकळी राहायची. वीस सेंटीमीटरची गादी महिनोन्‌महिने न हलवता फरशीवर ठेवणं ही त्या पद्धतीची नक्कल नव्हे. पलंग खरोखरच शक्य नसेल तर उचलता येईल अशी पातळ, घडीची गादी घ्या आणि रोज सकाळी भिंतीला टेकवून उभी करा, दोन्ही बाजूंना वारा लागेल अशी.

‘नैसर्गिक साहित्याला बुरशी लागत नाही’

उलट आहे. बुरशीला ओलावा आणि सेंद्रिय अन्न लागतं, आणि कापूस व काथ्या दोन्ही पुरवतात. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के पाणी धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. कापूस ओल धरतो तशी सोडतोही, म्हणून उन्हात घालता येत असेल तर कापसाची गादी उत्तमच. उचलायचीच नसेल तर नाही. लॅटेक्स बुरशीला तुलनेने दाद देत नाही, पण त्याच्यावरचं अस्तर आणि अस्तरातली धूळ देते. आणि लॅटेक्स किंवा फोम कडक उन्हात वाळवू नका. उन्हाने लॅटेक्स पिवळं पडून चुरा होऊ लागतं. त्यांना सावलीत पंखाच पुरे.

‘प्लास्टिकचं कव्हर घातलं की ओल शिरत नाही’

बाहेरून सांडलेलं पाणी शिरत नाही, एवढंच खरं. जी ओल गादी बिघडवते ती अंगातून येते. साधं प्लास्टिक तिला वर अडवतं, मग चादर चिकट होते, किंवा शिवणीतून आत गेलेली वाफ तिथेच कोंडते. नव्या गादीवरचं कारखान्याचं प्लास्टिक ‘राहू दे, गादी नवी राहील’ म्हणून न काढणारी माणसं मी पाहिली आहेत. ते पहिल्याच दिवशी काढा. लहान मूल असेल, पाण्यापासून जपायचंच असेल, तर ज्यातून वाफ जाते पण पाणी जात नाही असं पातळ पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापडी कव्हर घ्या. माइट्ससाठी घट्ट विणीची खोळ मिळते. चादरी आणि अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले तर माइट्स मरतात, कोमट पाण्यात बरेचसे वाचतात.

‘गादी जाड असेल तर खाली काहीही चालतं’

गादी खालच्या बैठकीच्याच आकारात बसते. पट्ट्या वाकल्या की गादी वाकते, मग ती कितीही जाड असो. फोम किंवा लॅटेक्सची गादी असेल तर दोन पट्ट्यांमधली फट ७-८ सेंटीमीटरच्या आत हवी, नाहीतर गादी फटींत उतरते आणि तिथेच फाटू लागते. दोघांच्या पलंगाला पट्ट्यांखाली मधोमध, डोक्याकडून पायांकडे जाणारा दांडा आणि त्याला जमिनीवर टेकणारा पाय हवा. विकत घेताना पलंगाखाली वाकून हे पाहा. बरेच जण फक्त डोक्याकडची फळी पाहतात. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (दोन्ही लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेल्या फळ्या) ओल लागली की फुगतात आणि स्क्रू धरेनासे होतात. दमट खोलीत लाकूड, चांगलं प्लायवूड किंवा गंजरोधक रंग दिलेलं लोखंड बरं.

जागेच्या अडचणीमुळे खाली सामान ठेवायचा पेटीचा पलंग घ्यावा लागतो, हे मी समजू शकतो. मग दोन गोष्टी करा. गादीखालच्या प्लायला सुताराकडून वीतभर अंतराने अंगठ्याएवढी भोकं पाडून घ्या, आणि पेटी गच्च भरू नका. अर्धवट वाळलेले कपडे तिच्यात मुळीच नकोत. पलंग बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर सरकवा. सकाळी उठल्या उठल्या पलंगपोस घालून अंथरूण झाकू नका, तासभर उघडं राहू द्या. आणि खोलीत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ६० च्या वर राहत असेल तर आधी खोलीत कपडे वाळवणं थांबवा, कारण एका वेळच्या धुण्यातून लिटरभर पाणी तरी हवेत जातं. बाहेरची हवा आतल्याहून ओली असेल त्या दिवशी खिडकी उघडून उपयोग नाही, तेव्हा एसी किंवा हवा कोरडी करणारं यंत्रच कामाला येतं.

जमिनीचा एक उपयोग मला मान्य आहे. जुन्या गादीवर पाठ दुखू लागली की दोष गादीचा की पलंगाचा हे कळत नाही आणि लोक चुकीची वस्तू बदलतात. तेव्हा गादीवर लांब सरळ काठी आडवी ठेवून खड्डा किती आहे ते मोजा. मग गादी एका रात्रीपुरती जमिनीवर टाकून झोपा आणि सकाळी पुन्हा मोजा. खड्डा गेला असेल तर पट्ट्या बदला, तसाच असेल तर गादी बदला. आणि मोजून झालं की गादी तिथे न ठेवता उचलून उभी करा.