विमानाची स्टिक लांब करू नका

हिंगणा रोडच्या एका शेडमध्ये माझा भाचा मित्रांसोबत दोन सीटांचं विमान बांधतोय. परवा त्याने व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज पाठवला आणि विचारलं, "मामा, स्टिक चार इंच वाढवू का?" स्टिक म्हणजे विमान वळवायला, वर-खाली न्यायला पायलट हातात धरतो तो दांडा. मेसेजमधले सल्ले असे: स्टिक हलवायला जितकी हलकी तितकं विमान चांगलं, म्हणून ती लांब करा, किंवा एफ-१६ या लढाऊ विमानासारखी बाजूला बसवा, मुठीला जाड फोम लावा, मग ट्रिम नावाच्या सोयीची गरजच नाही.

पहिला सल्ला जिवावर बेतणारा आहे. लांब स्टिकला जोर कमी लागतो, हे खरं. पण पंखांवर किती भार येतोय हे पायलटला त्या जोरावरूनच हाताला कळतं. अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेच्या लहान विमानांसाठीच्या नियमांत, म्हणजे भाग २३मध्ये, २०१७च्या बदलाआधी, स्टिकच्या विमानांसाठी स्पष्ट आकडा होता: पंखांच्या भारमर्यादेपर्यंत पोचायला निदान १५ पौंड, म्हणजे सुमारे ७ किलो, जोराने स्टिक ओढावी लागली पाहिजे. निदान! स्वतः बांधलेल्या विमानाला (होमबिल्टला) तो नियम लागू नसेल, पण पंखांना ते कोण सांगणार? मे महिन्यात भर दुपारी नागपूरवर थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत, विमानाला उचलून आपटतात. धक्क्याने हात हलतो, आणि स्टिक हलकी असली की तेवढ्यानेच एलिव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारा हलता भाग, हलतं. सावरायला जावं तर झोके वाढतात. मागच्या बाजूला वजन जास्त झालं की जोर आणखी घटतो. शिवाय लांब स्टिक मागे ओढताना पोटाला अडते, म्हणजे लँडिंगच्या वेळी एलिव्हेटर पुरतं वर जाणारच नाही.

आता बाजूच्या स्टिकचा सल्ला. एफ-१६ची स्टिक हाताचा दाब मोजून कॉम्प्युटरला कळवते. आधी ती हलतच नव्हती, पायलटांच्या तक्रारींनंतर तिला किंचित हालचाल दिली. जानेवारी १९७४मध्ये वायएफ-१६ हा त्याचा पहिला नमुना धावपट्टीवरच्या चाचणीतच हेलकावायला लागलं आणि पायलटला ठरलेलं नसताना उडावं लागलं. आपल्याकडे कॉम्प्युटर नाही, स्टिकची हालचाल थेट पोचवणारे पुशरॉड (दांडे) आणि केबल असतात. अमेरिकी विमान-रचनाकार बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी या होमबिल्ट विमानात बाजूची यांत्रिक स्टिक आहे आणि ती हाताला आरामही देते, एवढं मान्य करतो. पण ते विमान मुळातच तसं आखलेलं आहे.

फोम घामाने भिजतो, घसरतो. आणि स्टिक सतत धरून ठेवायचा जोर काढून टाकायलाच तर ट्रिम असतो.

भाच्याला सांगितलंय: बेल्ट लावून सीटवर बस, स्टिक चारही कोपऱ्यांपर्यंत फिरव, मांडी कुठे आड येते ते बघ. कोपराखालचा हात मांडीवर टेकत नसेल तर सीट बदल. स्टिक जड वाटली तर आधी बेअरिंग आणि केबलचा ताण तपास.