आदर्श मेंटॉर व्हा, तेही शुक्रवार दुपारच्या आत

अभिनंदन! मेडिकल कॉलेजच्या नोटीस बोर्डावर तुमचं नाव लागलंय आणि नावापुढे दहा रोल नंबर आहेत, म्हणजे तुम्ही आता त्या दहा विद्यार्थ्यांचे मेंटॉर, मार्गदर्शक शिक्षक, झालात. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं, पण त्या दहा पोरांनाही विचारलं नव्हतं, तेव्हा फिट्टंफाट. पाठोपाठ विभागाच्या ग्रुपवर निरोप आलाच असेल, परवा आमच्याकडे आला तसा: ‘मागील वर्षभराच्या मेंटॉर-मेंटी मीटिंगचे फॉर्म शुक्रवार दुपारपर्यंत जमा करणे. तपासणी आहे.’ यादी लागली सोमवारी, फॉर्म हवेत मागल्या वर्षभराचे. यात विसंगती दिसत असेल तर तुम्ही अजून वैद्यकीय शिक्षणात रुळलेला नाहीत. पुढच्या सूचना तुमच्यासाठीच आहेत.

यादी रोल नंबरनेच कापावी. एक ते दहा अॅनाटॉमीच्या शिक्षकाला, अकरा ते वीस फिजिऑलॉजीच्या. कोण हॉस्टेलला राहतं, कोण पिंपरीहून रोज दोन बस बदलून येतं, कोणाचं पहिलं वर्ष दुसऱ्यांदा चाललंय, हे बघत बसलात तर यादी दिवाळीपर्यंत निघणार नाही. बदली झालेल्या आणि राजीनामा देऊन गेलेल्या शिक्षकांची नावंही राहू द्यावीत. ती माणसं कधीच तक्रार करत नाहीत आणि गुणोत्तर सुरेख दिसतं. नॅकला, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला, गुणोत्तर हवं असतं. दीडशेला पंधरा, म्हणजे एकास दहा. भेट झाली का, हे गुणोत्तरात मावत नाही.

पहिली भेट पहिल्या वर्षाच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये उरकावी. फ्लेक्स, गुलाबाचं फूल, फोटो. फोटोत फ्लेक्सवरची तारीख वाचता आली पाहिजे, मुलांचे चेहरे नाही दिसले तरी चालतील.

आता मुख्य कौशल्य, म्हणजे मागच्या तारखा टाकणं. नवखे लोक इथेच फसतात. बारा महिन्यांच्या बारा मीटिंगा एका बैठकीत लिहायच्या तर निदान दोन पेन घ्यावीत, एक निळं, एक काळं. दहा पोरांच्या सह्या एकाच पेनाने एकाच वर्गात फिरवून घेतल्या की शाईसुद्धा चुगली करते. रविवार टाळावेत, हे बहुतेकांना सुचतं. पण अनंत चतुर्दशी? त्या दिवशी लक्ष्मी रोड बंद, निम्मं शहर मिरवणुकीत, आणि तुम्ही मात्र ‘अभ्यासातील अडचणींवर सविस्तर चर्चा’ केलेली असते. बॅच कम्युनिटी मेडिसिनच्या पोस्टिंगला ग्रामीण आरोग्य केंद्रावर गेली होती तो आठवडा वगळावा. स्वतःच्या रजा तर वगळाव्यातच, कारण हजेरी आता आधारशी जोडलेली आहे. फॉर्मवर तुम्ही विद्यार्थ्याला धीर देत असता आणि मशीन म्हणत असतं की तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात. शेऱ्यासाठी ‘प्रगती समाधानकारक, नियमित अभ्यासाचा सल्ला दिला’ हे एक वाक्य पुरतं. ते दहाही जणांना लावावं. ज्या मुलाची हजेरी अठ्ठावन्न टक्के आहे त्यालाही. जो दोन महिने गावी आहे त्यालाही. तो गावी का आहे, हे विचारायला फॉर्मवर रकाना नाही. रकाना नाही म्हटल्यावर विचारणार तरी कोण? आणि ज्यांनी हा फॉर्म बनवला, त्यांना ‘मीटिंगचा कालावधी’, ‘ठिकाण’, ‘विषय’, ‘मेंटॉरची सही’, ‘एचओडीची सही’ एवढं सगळं सुचलं. ‘पुढे काय केलं’ एवढे तीन शब्द मात्र सुचले नाहीत!

असो. पुढची सूचना.

विद्यार्थ्याला निकालानंतरच भेटावं. आधी भेटलात तर काहीतरी करता येतं, आणि मग करावं लागतं. नियम सगळ्यांना पाठ आहेत: हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८०, इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षांना, दोन्ही मिळून ५० आणि वेगवेगळे किमान ४०, नाहीतर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. समजा वर्षात दोनशे तास आहेत. ऐंशी तास झाले तेव्हा पोरगा अठ्ठेचाळीसला हजर होता, म्हणजे साठ टक्के. उरलेल्या एकशे वीसपैकी एकशे दोन तासांना बसला तर तो पंचाहत्तर गाठतो. अवघड आहे, पण होतं. तेच साठ टक्के दीडशे तास झाल्यावर तुमच्या लक्षात आले, तर त्याला साठ तास हवे असतात आणि शिल्लक असतात पन्नास. मग ब्रह्मदेवही मेंटॉर म्हणून आला तरी उपयोग नाही. म्हणून दीडशे तास होईपर्यंत शांत राहावं. पहिल्या प्रोफला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या विद्यापीठ परीक्षेला, चार प्रयत्न मिळतात, घाई कसली?

मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिल्या टर्मिनलला फिजिऑलॉजीत नापास झाली, तर तिला ‘इंग्लिश सुधार’ म्हणावं. तिला कार्डिअॅक सायकल येते, फक्त व्हायवात, तोंडी परीक्षेत, पहिलं वाक्य सुचत नाही, हे कळायला तिच्याशी पाच मिनिटं मराठीत बोलावं लागतं. मग रोज एक दीर्घोत्तर लिहून घ्यायचं, लाल शाईने तपासून परत द्यायचं, आठवड्यातून दोनदा मोठ्याने व्हायवा घ्यायची. दीड-दोन महिने. छे, छे! त्यापेक्षा इंग्लिश सुधार.

एक वर्ष पुढच्या मुलांना या कामात अजिबात घेऊ नये. मेस, जुने पेपर आणि कोणते सर काय विचारतात, याची खरी उत्तरं त्यांच्याकडे असतात.

नापास झाला की थेट वडिलांना फोन. पोरगं वीस वर्षांचं आहे, मतदान करतं, उद्या सह्या करून औषधं देणार आहे, तरीही थेट वडिलांना.

इंटर्नना मेंटॉर लागत नाही. ते तसेही सकाळी सॅम्पल पोचवत असतात आणि संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत नीट पीजीचे प्रश्न सोडवत असतात. ब्रँच कोणती घ्यावी, आधी बॉण्ड, म्हणजे सक्तीची शासकीय सेवा, करावा की परीक्षा, शासकीय कॉलेजातून निघून बॉण्ड मोडला तर दहा लाख कुठून आणायचे, हे सगळं त्यांना टेलिग्रामवर कळतं.

रेसिडेंटचा, म्हणजे पीजी करणाऱ्या डॉक्टरचा, प्रश्न तर सुटलेलाच आहे, कारण त्याचा थिसिस गाइड हाच त्याचा मेंटॉर. ज्याची सही नसेल तर थिसिस जात नाही, जो ड्यूट्या लावणाऱ्या युनिटचा प्रमुख आहे, आणि जो बहुधा त्याचा परीक्षकही असणार आहे, त्याच्यासमोर जेआर वनने, पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने, मोकळेपणाने सांगायचं की ‘सर, तुमच्या युनिटमध्ये मला झोप मिळत नाही.’ सांगेलच ना! १९९२ मध्ये केंद्राने रेसिडेन्सीसाठी सांगितलं होतं, सलग ड्यूटी साधारणपणे बारा तासांहून जास्त नको, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. २०२४ मध्ये एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, मानसिक आरोग्यावरच्या कृती गटाने सुचवलं, आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांच्या वर नको. बत्तीस वर्षांत आकडा पुढे सरकला, आणि तो चौऱ्याहत्तरसुद्धा ऐकून वॉर्डात लोक हसले. साप्ताहिक सुट्टी २०२३ च्या पीजी नियमांत आहे, पण ‘कामाच्या निकडीनुसार’. निकड कधी नसते, ते मेंटॉरने विचारू नये.

आणि कोणी मेंटॉरसमोर रडलंच, तर लगेच ‘सायकियाट्री ओपीडीला दाखव’ म्हणून चिठ्ठी द्यावी. आपल्याच हॉस्पिटलची ओपीडी. तिथे केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं, आणि आत त्याच्याच बॅचची पोस्टिंग चालू असते. तिथल्या मॅडम चार महिन्यांनी त्याची परीक्षा घेणार असतात. तो जात नाही. तो जाणारच नाही! आणि आपण फॉर्मवर लिहितो, ‘समुपदेशनासाठी पाठवले’. पोहोचला का, हे कोणी बघत नाही.

आता सूचना पुरे झाल्या. त्याच कृती गटाच्या पाहणीत एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. तुमच्या दहांत ते दोन किंवा तीन होतात. त्यातलं एकही नाव तुम्हाला माहीत नसेल, तर त्या फॉर्मवर सही कशाच्या जोरावर करता? हसू कसलं येतं? लाज वाटली पाहिजे, तुम्हाला आणि आम्हालाही. सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि सगळे शाई बदलत बसलेत.

काम काही फार मोठं नाही. महिन्यातून एकदा प्रत्येकाशी वीस मिनिटं, एकट्याशी, ओपीडी नसलेल्या दुपारी, केबिनचं दार लावून. दहा जणांची दोनशे मिनिटं होतात, साडेतीन तासही नाहीत. झोप किती, जेवण कुठे, पैसे पुरतात का, खोलीतल्यांशी जमतं का, हे आधी, मार्क नंतर. पहिल्या इंटर्नलचा निकाल लागला की दोन दिवसांत खालच्या तिघांना स्वतः बोलवायचं, ते येण्याची वाट बघायची नाही. हजेरीचा आकडा दर महिन्याला कागदावर हातात द्यायचा. बाहेरच्या हॉस्पिटलमधल्या एका सायकियाट्रिस्टशी आधीच बोलून ठेवायचं आणि पहिल्या वेळेला सोबत जायचं. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं तर त्याच क्षणी, ‘तू स्वतःला काही करून घेण्याचा विचार करतोयस का?’ असं सरळ विचारायचं, त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत पोहोचवायचं. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही लागतो, तो त्याच्या फोनमध्ये आपणच टाकून द्यायचा. तुम्ही त्याचे परीक्षक असाल तर मेंटॉर बदलून मागायचा. बदली झाली तर जुन्याने नव्याला प्रत्येक मुलाबद्दल पाच मिनिटं सांगायचं, मुलाला विचारून.

आणि अधिष्ठाता कार्यालयात बसलेल्यांनो, हे साडेतीन तास टाइमटेबलमध्ये टाका. ते जमत नसेल तर नोटीस बोर्डावरची ती यादी काढून टाका, म्हणजे निदान मुलांना तरी कळेल की त्यांचं इथे कोणी नाही आणि ती दुसरीकडे मदत शोधतील.